विषय स्पष्ट ठेवणे आणि पार्श्वभूमी विरघळवणे: दोन वेगळी गणिते

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपण ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स घेतली आणि ती कायम एफ/१.८ वर ठेवून फुलांची, कीटकांची आणि घरच्या माणसांची छायाचित्रे काढली. फुलामागची पार्श्वभूमी छान विरघळते, पण फुलाची एखादीच पाकळी स्पष्ट येते. चेहरा टिपताना डोळ्याऐवजी कानाजवळचे केस स्पष्ट येतात. आणि माणूस पूर्ण उभा घेतला की त्याच एफ/१.८ वर मागची भिंत आणि खिडकी जवळजवळ जशीच्या तशी दिसते. तेव्हा आता एफ/१.४ ची लेन्स घ्यावी की मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपण्यासाठीची), असे आपण विचारले आहे. लेन्सकडे शेवटी येतो, कारण आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ लेन्समध्ये नाही. ते ॲपर्चरकडून (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफ-आकडा जितका लहान तितके ते अधिक उघडे) दोन वेगवेगळ्या कामांची अपेक्षा एकदमच करण्यात आहे.

विषय किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसेल ही एक गोष्ट झाली आणि दूरची पार्श्वभूमी किती धूसर होईल ही दुसरी. बोलताना आपण दोन्हींना मिळून ‘शॅलो डेप्थ ऑफ फील्ड’ (स्पष्टतेची उथळ खोली) म्हणून मोकळे होतो, आणि मग पार्श्वभूमी घालवण्यासाठी ॲपर्चर उघडत जातो व विषयही गमावून बसतो. प्रत्यक्षात या दोन गोष्टी वेगवेगळ्या मापांनी ठरतात, आणि ती मापे एकदा वेगळी केली की विषय पूर्ण स्पष्ट ठेवून पार्श्वभूमी विरघळवणे पुष्कळदा शक्य असते.

आधी स्पष्टतेच्या खोलीचे पाहू. फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिमी) सेन्सर आणि रूढ असलेली ०.०३ मिमीची मोजपट्टी धरली, म्हणजे सेन्सरवर तेवढा पसरलेला बिंदूही स्पष्टच मानला, तर ५० मिमी लेन्सवर एफ/१.८ ला चार मीटरवरच्या माणसाभोवती सुमारे ७० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट मिळतो. तीच लेन्स एक मीटरवर आणली की तो पट्टा साधारण ४ सेंटिमीटरचा उरतो, आणि या जातीच्या बऱ्याच लेन्सचे सर्वांत जवळचे अंतर जे ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते, तेथे तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर होतो. अंतर निम्मे केले की खोली जवळजवळ चौथाईवर येते. आपल्या फुलाची एकच पाकळी स्पष्ट येते ती यामुळे. त्यात लेन्सचा काही दोष नाही.

आता दुसरे गणित, जे मला शिकायला फार वर्षे लागली आणि जे कळल्यावर बरीच पाठांतरे सोडून देता आली. ॲपर्चरचा प्रत्यक्ष व्यास काढा: फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) भागिले एफ-आकडा. ५० भागिले १.८ म्हणजे सुमारे २८ मिमी. आता अशी कल्पना करा की आपल्या विषयाच्या अगदी शेजारी, त्याच प्रतलात, २८ मिमी व्यासाची एक चकती धरलेली आहे. खूप दूरचा एखादा प्रकाशबिंदू चित्रात जेवढा पसरलेला दिसेल, तो नेमका त्या चकतीएवढा. विषय जवळ असो वा लांब, चकतीचा आकार बदलत नाही. बदलते ते तिच्या मानाने चौकटीचे माप.

या एका नियमाने आपले कोडे सुटते. माणूस पूर्ण उभा घेण्यासाठी आपण चार मीटरवर जाता, तेव्हा कॅमेरा उभा धरला तरी चौकटीत जवळजवळ तीन मीटर उंचीचा भाग येतो आणि त्यात २८ मिमीची चकती म्हणजे चौकटीचा एक टक्का. तेवढ्याने काहीच विरघळत नाही. एक मीटरवरून चेहरा आणि खांदे घेतले की चौकट सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची होते व तीच चकती चार टक्के जागा व्यापते. फुलाजवळ जाऊन २४ सेंटिमीटर रुंदीची चौकट घेतली की ती बारा टक्क्यांच्या आसपास पोहोचते. लेन्स तीच, ॲपर्चर तेच, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

हे झाले पार्श्वभूमी खूप दूर असताना. ती जवळ असेल, तर चकतीचा काही भागच मिळतो, आणि किती मिळतो याचा हिशेबही सोपा आहे: विषयापासून पार्श्वभूमीपर्यंतचे अंतर भागिले कॅमेऱ्यापासून पार्श्वभूमीपर्यंतचे अंतर. कॅमेऱ्यापासून चार मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या मागे एका मीटरवर भिंत असेल, तर पूर्ण परिणामाचा पाचवा हिस्सा, म्हणजे साडेपाच मिमीची चकती हाती लागते. भिंत चार मीटर मागे असेल तर निम्मा परिणाम मिळतो. बारा मीटर मागे असेल तर तीन-चतुर्थांश. म्हणून माणसाला भिंतीपासून तीन पावले पुढे बोलावणे हे एफ/१.८ वरून एफ/१.४ वर जाण्यापेक्षा अधिक गुणकारी असते, आणि त्याला खर्च शून्य. माझ्या अनुभवात सुरुवातीचे छायाचित्रकार हे एकच पाऊल नेहमी विसरतात, कारण त्यांचे सारे लक्ष कॅमेऱ्यावरच्या आकड्यांकडे असते.

दोन्ही गणिते एकत्र मांडली की मुख्य मुद्दा दिसतो. समजा, तेच फूल चौकटीत त्याच आकाराचे हवे आहे. एकदा ते ५० मिमी लेन्सने एफ/२.८ वर काढा आणि एकदा १०० मिमी लेन्सने, दुप्पट अंतरावरून, एफ/५.६ वर. दोन्ही वेळा ॲपर्चरचा व्यास १८ मिमीच्या आसपास आहे, म्हणून अगदी दूरची पार्श्वभूमी दोन्ही चित्रांत सारखीच धूसर होते. परंतु जवळून काढलेल्या चित्रात विषयाचा आकार तोच ठेवला, तर स्पष्टतेची खोली फोकल लेंग्थवर जवळजवळ अवलंबून नसते. ती एफ-आकड्यानुसार ठरते. २४ सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीत पहिल्या चित्रात सुमारे ९ मिमीचा पट्टा स्पष्ट मिळेल, तर दुसऱ्यात १७ मिमीचा. धूसरपणा तेवढाच आणि स्पष्ट फूल दुप्पट. शिवाय लांब लेन्सच्या चौकटीत पार्श्वभूमीचा अरुंद तुकडाच येतो, त्यामुळे नको असलेली फांदी किंवा पांढरा डाग टाळण्यासाठी वीतभर सरकणेही पुरते. ‘जवळची चित्रे म्हणजे उघडे ॲपर्चर’ हा सल्ला मी देत नाही, तो यासाठी.

छोट्या सेन्सरचे कॅमेरे वापरणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो: तीच लेन्स आणि तेच ॲपर्चर ठेवून, थोडे मागे जाऊन तीच चौकट घेतली, तर दूरच्या पार्श्वभूमीची चकती बदलत नाही आणि स्पष्टतेची खोली साधारण दीडपट मिळते. यात तोटा फारसा नाही.

आता डोळ्याऐवजी केस का स्पष्ट येतात ते पाहू. बहुधा आपण मधल्या फोकस-बिंदूवर डोळा धरता, बटण अर्धे दाबून ठेवता आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवता. फोकस ज्या प्रतलात असतो ते सेन्सरला समांतर असते. कॅमेरा वळला की तेही वळते. एक मीटरवरचा डोळा धरून कॅमेरा १५ अंशांनी वळवला, तर ते प्रतल डोळ्याच्या सुमारे साडेतीन सेंटिमीटर मागे जाते. एकूण पट्टा ४ सेंटिमीटरचा, त्यातला डोळ्याच्या मागे-पुढे दोन-दोन सेंटिमीटरचा; तेव्हा डोळा हमखास पट्ट्याबाहेर पडतो आणि त्याच्या मागचे काहीतरी आत येते. उपाय असा की फोकस-बिंदूच डोळ्यावर नेऊन ठेवावा, किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो वापरावा. चेहरा तिरका असेल तेव्हा कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा धरावा; दूरचा डोळा स्पष्ट आणि जवळचा धूसर असे चित्र पाहणाऱ्याला अस्वस्थ करते, भले त्याला कारण सांगता न येवो.

दुसरे कारण आपले शरीर. उभा माणूस स्थिर उभा आहे असे आपल्याला वाटते, पण फोकस धरल्यापासून शटर पडेपर्यंत छायाचित्रकार आणि समोरचा माणूस दोघे मिळून एक-दोन सेंटिमीटर सहज डुलतात. एक मीटरवर ऑटोफोकस सातत्याने चालू ठेवावा आणि एकाऐवजी तीन-चार चित्रे सलग घ्यावीत. त्यातले एक बरोबर येते.

तिसरे कारण फक्त आरशाचे कॅमेरे (डीएसएलआर) वापरणाऱ्यांना लागू आहे, पण ते फारसे कोणी सांगत नाही. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधला आजचा फोकसिंग स्क्रीन साधारण एफ/२.८ पेक्षा उघड्या ॲपर्चरचा परिणाम दाखवतच नाही. मी एकदा नात्यातल्या एका तान्ह्या बाळाची चाळीसेक छायाचित्रे ८५ मिमी लेन्सने एफ/१.४ वर काढली. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळे, नाक, जावळ सारे नीट दिसत होते. घरी मोठ्या पडद्यावर उघडल्यावर कळले, की तीसेक चित्रांत स्पष्ट आहेत त्या केवळ पापण्या, आणि त्यांच्यामागचे बुबुळ धूसर आहे. बाळ तोवर आपल्या गावी परतले होते. तेव्हापासून एफ/२ पेक्षा उघड्या ॲपर्चरवर जाताना मी पहिली दोन चित्रे पडद्यावर मोठी करून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

कीटकांकडे वळू, कारण तेथे मिलिमीटरचा हिशेब असतो. पहाटे वाळक्या काडीवर बसलेला चतुर घ्या. अंगावर दव असल्याने तो अजून उडण्याच्या बेतात नाही. १०० मिमी मॅक्रो लेन्सने त्याला सेन्सरवर प्रत्यक्षाच्या निम्म्या आकारात घेतले, म्हणजे चौकटीची रुंदी ७२ मिमी झाली, आणि एफ/८ ठेवले, तर स्पष्टतेचा पट्टा ३ मिमीच्या आसपास भरतो. चतुराचा डोळा आणि समोरून पाहिल्यास शेपटीचे टोक यांत काही सेंटिमीटरचे अंतर असते, तेव्हा समोरून दोन्ही स्पष्ट येणे शक्य नाही. पण आपण बाजूला सरकून सेन्सर त्याच्या शरीराला समांतर आणला, की डोक्यापासून शेपटीपर्यंतची लांबी त्याच ३ मिमीच्या पट्ट्यात मावते. जवळच्या छायाचित्रणातली अर्धी कला या समांतर करण्यात आहे. मी गुडघे टेकतो, कॅमेरा डोळ्याला लावतो आणि मग फोकसला हात न लावता कंबरेतून अगदी थोडा डावीकडे-उजवीकडे कलतो. दूरचा पंख हळूहळू स्पष्ट होत येतो, आणि शरीराच्या दोन्ही टोकांना धार आली की थांबतो. एवढ्या जवळ ऑटोफोकस पुढे-मागे भरकटत राहतो. म्हणून फोकस हाताने हव्या आकारावर बसवून टाकावा, कोपर गुडघ्यावर टेकवावे आणि श्वास सोडताना शरीरच मिलिमीटरभर पुढे नेत सलग चित्रे घ्यावीत.

त्याच चौकटीत चतुरामागचे गवत पाहा. एफ/८ वर चकती साडेबारा मिमीची. लेन्सपासून चतुर सुमारे ३० सेंटिमीटरवर आहे असे धरू. त्याच्या मागे एका मीटरवर असलेल्या गवताच्या पात्यावर सुमारे साडेनऊ मिमीचा धूसरपणा बसतो आणि तीन मिमी रुंदीचे ते पाते हिरव्या रंगात पूर्ण मिसळून जाते. तेच पाते चतुराच्या दहा सेंटिमीटर मागे असेल, तर धूसरपणा तीन मिमीच्या आसपासच असतो आणि ते पाते एका जाड, पुसट रेघेसारखे चित्रात उभे राहते. ॲपर्चर एफ/४ केले तरी ही रेघ नाहीशी होत नाही, फक्त जाड होते, आणि इकडे चतुराचा अर्धा डोळा जातो. म्हणून मी आधी मागच्या वीतभर जागेतले पाते पाहतो आणि ते चौकटीतून जाईल अशा बेताने स्वतः खाली-वर होतो. पाते वाकवण्याच्या मोहात काडी हलते आणि चतुर उडून जातो, हे अनेकदा अनुभवून झाले आहे.

येथे कोणी म्हणेल, की मग एफ/२२ का ठेवू नये. जवळ जाताना लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा खरा राहत नाही. विषय सेन्सरवर प्रत्यक्ष आकाराएवढा टिपताना त्याची दुप्पट होते, म्हणजे एफ/१६ हा प्रकाश आणि विवर्तन (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे) या दोन्ही दृष्टींनी एफ/३२ सारखा वागतो. एफ/३२ वर एका बिंदूचा विवर्तनाने होणारा ठिपका सुमारे ०.०४३ मिमीचा असतो. आपण स्पष्टतेची मोजपट्टीच ०.०३ मिमीची धरली आहे. अर्थात पट्टा वाढतो खरा, पण पट्ट्याच्या मध्यभागीही धार उरत नाही. १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी आपल्या गटाचे नावच ‘एफ/६४’ ठेवले होते, हे येथे आठवते. पण त्यांच्या निगेटिव्ह ८ बाय १० इंचांपर्यंत मोठ्या असत आणि वेस्टन तर त्या तशाच कागदावर ठेवून, न वाढवता छापत असत. आपल्या ३६ मिमीच्या सेन्सरचे चित्र दहापट मोठे होते, तेव्हा तो आकडा आपल्याला परवडत नाही. प्रत्यक्ष आकाराच्या आसपास मी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे क्वचित जातो. विषय निर्जीव असेल, उदाहरणार्थ घड्याळाची चाके किंवा एखादे बी, तर एफ/५.६ वर फोकस थोडाथोडा सरकवत वीस-तीस चित्रे घेऊन ती संगणकावर जोडणे अधिक चांगले. वाऱ्यात हलणाऱ्या फुलावर मात्र हा उपाय चालत नाही.

रोजच्या चित्रांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते सर्वांना पटेल असे नाही. खिडकीशी बसून कोणी शिवत असेल आणि आपण सुईच्या टोकावर फोकस धरून एफ/१.८ ठेवले, तर सुई आणि बोटाचे पेर एवढेच उरते. ते सुंदर दिसते, पण पाच वर्षांनी पाहताना ते हात कोणाचे होते आणि ती खोली कोणती होती, हे त्या चित्रातून कळत नाही. एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवले तर हात स्पष्ट राहतात, चेहरा धूसर पण ओळखीचा राहतो, आणि मागचे कपाट कपाट म्हणून कळते. मी घरातली बहुतेक चित्रे अशीच काढतो. पूर्ण उघडे ॲपर्चर मी दोन प्रसंगी वापरतो: प्रकाश खरोखरच कमी असतो तेव्हा, किंवा मागे जे आहे ते लपवल्याशिवाय गत्यंतर नसते तेव्हा. दोन माणसे एका चित्रात असतील तर त्यांचे डोळे सेन्सरपासून सारख्या अंतरावर आणणे हे ॲपर्चर बंद करण्याआधीचे काम आहे.

धूसरपणाच्या प्रतीविषयी, ज्याला ‘बोके’ या जपानी शब्दाने ओळखतात, फार लिहीत नाही. पानांमधून येणारा प्रकाश मागे असेल तर चकत्या कोपऱ्यांकडे मांजराच्या डोळ्यासारख्या चपट्या होतात, कारण लेन्सच्या नळीची कड तेथे प्रकाश अडवते. ॲपर्चर एक-दोन स्टॉप (पायऱ्या) बंद केल्यावर त्या गोल होत जातात, पण ॲपर्चरची पाती कमी असलेल्या लेन्समध्ये मग त्यांना कोपरे येतात. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर उन्हात एफ/१.८ आणि १/४००० शटर ठेवून चकत्या एका बाजूने कापल्यासारख्या दिसत असतील, तर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचे काम सेन्सरकडून करून घेण्याची सोय) बंद करून पूर्ण यांत्रिक शटर निवडावे. हे कारण न कळल्याने चांगल्या लेन्स दुरुस्तीला पाठवल्या गेल्याचे मी पाहिले आहे.

फोनचाही हिशेब त्याच चकतीने होतो. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ ५ ते ७ मिमी असते, त्यामुळे एफ/१.८ वरही चकती तीन-चार मिमीची. माणसाच्या चेहऱ्याशेजारी ती नगण्य आहे, म्हणून फोन धूसरपणा गणिताने तयार करतो आणि केसांच्या कडेला किंवा चष्म्याच्या काडीजवळ चुकतो. दहा सेंटिमीटरवरच्या फुलाशेजारी मात्र तीन मिमी पुरेसे मोठे असतात आणि तेथे खराखुरा धूसरपणा मिळतो. काही फोन जवळ गेल्यावर आपण होऊन अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात आणि पार्श्वभूमी एकाएकी स्पष्ट होते. ती सोय सेटिंगमधून बंद करून, किंचित मागे येऊन मुख्य कॅमेराच वापरावा.

राहिला लेन्सचा प्रश्न. ५० मिमी एफ/१.४ ची चकती ३६ मिमीची आहे, आपल्याकडच्या २८ च्या तुलनेत. स्पष्टतेचा पट्टा मात्र आणखी अरुंद होईल, आणि आपली तक्रार तर तोच अपुरा पडतो अशी आहे. तेव्हा ती घेऊ नये. माणसांच्या चित्रांसाठी काही घ्यायचेच असेल तर ८५ मिमी एफ/१.८ घ्यावी. तिची चकती ४७ मिमीची, आणि एफ/२.८ पर्यंत बंद केल्यावरही ३० मिमीची राहते, म्हणजे आज उघड्या ५० मिमीवर मिळतो त्याहून थोडा जास्त धूसरपणा आणि डोळ्यापासून नाकापर्यंत स्पष्ट चेहरा. कीटकांमध्ये रस टिकणार असेल तर ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स योग्य ठरेल. तो रस टिकतो की नाही हे पाहण्यासाठी आधी २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) आपल्याच लेन्सला लावून पाहा. फोकस अनंतावर ठेवला तरी ५० मिमी लेन्सवर ती विषय निम्म्या आकारात टिपू देते. तिच्यात काच नसते, तेव्हा काचेसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. फक्त ती विद्युत संपर्क असलेली घ्यावी. नाहीतर बऱ्याच कॅमेऱ्यांवर ॲपर्चर बदलताच येत नाही आणि आपण पुन्हा एफ/१.८ वरच अडकून पडाल.